चुंबकाने लायपोसोमला निरोप धाडताना: नागपूरच्या हवेत चालणारी कृती, पायरीपायरीने

लायपोसोम म्हणजे लिपिडाच्या (चरबीसारख्या रेणूंच्या) पडद्याची पाण्याने भरलेली सूक्ष्म पिशवी. तिच्या पोटात चुंबकीय नॅनोकण आणि रंग भरायचा, बाहेरून कॉइलने प्रत्यावर्ती (सतत दिशा पालटणारे) चुंबकीय क्षेत्र द्यायचे, कण तापतात, पडदा सैल होतो, रंग बाहेर येतो. क्षेत्र चालू म्हणजे निरोप गेला, बंद म्हणजे थांबला. फळ्यावर पाच मिनिटांत समजते आणि प्रयोगशाळेत सहा-सहा महिने खाते. दरवर्षी एमएस्सीच्या प्रकल्पांत त्याच त्या चुका पाहते, म्हणून कृती लिहून काढते आहे.

सगळ्यांत मोठी चूक आधीच सांगते. या कामात बहुतेक जण डीपीपीसी नावाचे लिपिड वापरतात. त्याचा पडदा ४१ अंश सेल्सिअसला घट्ट अवस्थेतून पातळ होतो (यालाच संक्रमण म्हणतात), आणि ३५ च्या आसपासच पूर्वसंक्रमण होऊन झिरपायला लागतो. नागपुरात मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत टेबलावर ठेवलेली नळी किती तापते ते मोजून पाहा. माझा पहिला 'यशस्वी' आलेख नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, निघाला होता. कॉइल चालू, रंग बाहेर. आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी कॉइलजवळ न नेलेली नळीही तेवढीच चमकत होती. निरोप चुंबकाने नाही, उन्हाने दिला होता. परदेशातल्या पाककृतीत 'खोलीचे तापमान' म्हणजे २२ अंश असते, हे तिथे कोणी लिहीत नाही.

## १. आधी ठरवायच्या तीन गोष्टी

कण कुठे ठेवायचे? पडद्यात, की आतल्या पाण्यात? लिपिडाचा दुहेरी पडदा ४ ते ५ नॅनोमीटर जाड असतो. त्यात ओलेइक आम्लाचे कवच असलेले ५-६ नॅनोमीटरपर्यंतचेच कण मावतात. पण शंभर-दोनशे किलोहर्ट्झला इतका बारीक मॅग्नेटाइट (लोहाचे काळे, चुंबकीय ऑक्साइड) फारसा तापत नाही. चांगले तापतात ते १० नॅनोमीटरच्या पुढचे. म्हणजे बसतो तो तापत नाही, तापतो तो बसत नाही. म्हणून खालची कृती आतल्या पाण्यात कण ठेवण्याची आहे.

लिपिड कोणते? हे ऋतू पाहून ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नुसते डीपीपीसी चालते. मार्चनंतर त्यात डीएसपीसी मिसळा. त्याचे संक्रमण ५५ अंशांना आहे, आणि ही दोन लिपिडे एकमेकांत छान मिसळतात. ३० भाग डीपीपीसीला ८ भाग डीएसपीसी घेतले, की संक्रमण ४४ च्या आसपास सरकते. नेमका आकडा तुमच्या बॅचचा डीएससी (तापवताना शोषलेल्या उष्णतेचा आलेख) काढून ठरवा. खालच्या सगळ्या पायऱ्यांत मी ४४ धरला आहे.

कोलेस्टेरॉल? नको. औषधवहनाच्या पेपरांमधून दोनास एक प्रमाण उचलणारे दरवर्षी भेटतात. ३० टक्क्यांच्या पुढे कोलेस्टेरॉल गेले, की संक्रमणाचे टोकच पुसले जाते. पडदा मजबूत होतो, गळत नाही, आणि क्षेत्र लावूनही ढिम्म हलत नाही. मग विद्यार्थी कॉइलला दोष देतात.

## २. सामानाची तयारी

एका बॅचसाठी, म्हणजे १ मिलिलीटरसाठी:

- डीपीपीसी २२.० मिलिग्रॅम, डीएसपीसी ६.३ मिलिग्रॅम, पेग-२००० जोडलेले डीएसपीई हे तिसरे लिपिड ५.६ मिलिग्रॅम. एकूण ४० मायक्रोमोल. थंडीतली बॅच असेल तर डीएसपीसी वगळून डीपीपीसी २७.९ मिलिग्रॅम.
- कार्बोक्सीफ्लुरोसीन (हाच आपला रंग) १८.८ मिलिग्रॅम (५० मिलिमोलर).
- हेपेस बफर १० मिलिमोलर, पीएच ७.४.
- सिट्रेटचे कवच असलेला मॅग्नेटाइटचा द्राव. लोह प्रति मिलिलीटर निदान २० मिलिग्रॅम, म्हणजे बफर आणि रंग मिसळल्यावर १० उरेल.
- क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल, दोनास एक.
- ४०० आणि २०० नॅनोमीटरचे पॉलिकार्बोनेट पडदे, गरम ठोकळ्याचा एक्स्ट्रूडर (दोन सिरिंजांमधून द्राव या पडद्यांतून ढकलणारे साधन).
- सेफारोज सीएल-४बी (आकारानुसार कण वेगळे करणारे सच्छिद्र मणी) भरलेला सुमारे २० सेंटिमीटर उंचीचा स्तंभ.

रंग म्हणून कॅल्सीन घेऊ नका. ते लोहाला धरते आणि त्याची चमक मरते. रंग सुटलेला असूनही यंत्र शून्य दाखवते.

फॉस्फेट बफरही नको. फॉस्फेट लोहाच्या पृष्ठभागावरून सिट्रेटला हुसकावते आणि कणांचे गोळे होतात. शिवाय पुढे लिपिड मोजायला फॉस्फेट चाचणी करायची असते, तीही बिघडते.

लिपिडाची बाटली उणे २० वरून काढली, की उघडायच्या आधी अर्धा तास बंदच ठेवा. आपल्याकडे कुलर लावलेल्या खोलीत हे दुप्पट लागू आहे. कुलरची हवा ओली, बाटली गार. झाकण उघडताच आत दव धरते, भुकटी चिकट होते आणि पुढची सगळी वजने चुकतात. पार्सलचेही तसेच. मागवताना उन्हाळा टाळा, आणि टाळता येत नसेल तर ज्या दिवशी येणार त्या दिवशी स्वतः गेटवर उभे राहा. आमचे एक पार्सल दुपारभर वॉचमनच्या टेबलावर होते. आतला बर्फ कधीचाच पाणी झाला होता.

क्लोरोफॉर्ममधले लिपिड प्लास्टिकच्या टिपने उचलू नका. काचेची सिरिंज, काचेची बाटली, टेफ्लॉनचे झाकण.

## ३. चुंबकीय कण

विकत घेणार असाल तर ही पायरी सोडा. घरी करायचे तर:

१. ४० मिलिलीटर पाण्यातून अर्धा तास नायट्रोजन सोडा. त्यात फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट १.०८ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट ०.४० ग्रॅम विरघळवा. प्रमाण दोनास एक मोल. फेरस क्लोराइड फिकट हिरवे असले पाहिजे. पिवळट-तपकिरी झाले असेल तर बाटली बाजूला ठेवा. त्यातून गंज निघेल, मॅग्नेटाइट नाही.

२. ७० ते ८० अंशांना जोरात ढवळत २५ टक्के अमोनिया ५ मिलिलीटर एकदम ओता. द्राव क्षणात काळा व्हायला हवा.

३. अर्ध्या तासाने चुंबकाने खाली ओढून तीनदा धुवा.

४. सायट्रिक आम्ल अर्धा ग्रॅम घालून ८०-९० अंशांना, नायट्रोजनखाली, तासभर ठेवा. मग डायलिसिस करा आणि पीएच ७ ला आणा.

सावधान. उन्हाळ्यात अमोनियाची बाटली आतून दाबाने भरलेली असते. आधी बर्फात ठेवा, मग फ्यूम हूडमध्ये, तोंड दूर धरून उघडा.

तपासणी. द्राव काचेच्या बाटलीत घेऊन बाजूला जोरदार चुंबक लावा आणि रात्रभर ठेवा. चांगला द्राव चुंबकाकडे किंचित गडद होतो, पण एका बाजूला गाळ आणि दुसरीकडे स्वच्छ पाणी असा फुटत नाही. फुटला तर कवच नीट बसलेले नाही. पुढे जाऊ नका.

दुसरी तपासणी, जी कोणीच करत नाही. या द्रावाचे दोन थेंब ५० मिलिमोलर रंगाच्या द्रावात टाकून रात्रभर ठेवा. इतक्या रंगाबरोबर सोडियमही भरपूर येते, आणि मीठ वाढले की सिट्रेटचे कण एकमेकांना चिकटतात. सकाळी तळाशी काळी रेघ दिसली तर सिट्रेट सोडा आणि डेक्स्ट्रानचे (लांब साखळीच्या शर्करेचे) कवच असलेले कण घ्या. रात्रभराच्या या चाचणीने पुढचे दोन महिने वाचतात.

## ४. रंगाचा द्राव

कार्बोक्सीफ्लुरोसीन साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. थेंबथेंब सोडियम हायड्रॉक्साइड घालत पीएच ७.४ ला आणा. दाट द्राव गडद, तांबूस-तपकिरी दिसतो आणि चमकत नाही. आमचे लॅबमधले काका त्याकडे पाहून म्हणाले होते, "मॅडम, सावजीचा रस्सा दिसून राह्यला हा." बरोबर तसाच दिसला पाहिजे. दाटीत रंगाचे रेणू एकमेकांची चमक विझवतात; बाहेर सुटून पातळ झाले की हिरवेगार पेटतात. आपला निरोप म्हणजे हाच पेटण्याचा क्षण.

आता या द्रावाची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची एकूण दाटी) ऑस्मोमीटरवर मोजा आणि बाहेरचा बफर (हेपेस अधिक मीठ) नेमक्या त्याच आकड्याला आणून ठेवा. ही जुळवणी टाळली तर लायपोसोम बाहेर आल्याबरोबर पाणी पिऊन फुगतात आणि गळतात. ऊर्ध्वपातित पाण्यात तर कधीच पातळ करू नका.

## ५. पटल, जलयोजन आणि गाळणे

१. तिन्ही लिपिडे क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये विरघळवून गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घ्या. रोटरीवर (फिरत्या बाष्पकावर) ४५ अंशांना, हळूहळू दाब कमी करत वाळवा. घाई केली की पटल उकळते आणि फेसाचे डाग पडतात. नीट झालेले पटल काचेवर फुंकर मारल्यासारखे एकसारखे धूसर दिसते.

२. व्हॅक्यूममध्ये रात्रभर. दोन तास पुरतात असे कोणी म्हणाले तरी रात्रभरच. उरलेले क्लोरोफॉर्म संक्रमणाचे तापमान खाली ओढते आणि ते नंतर कळत नाही.

३. कण आणि रंग मिसळलेला १ मिलिलीटर द्राव ६० अंशांना तापवून पटलावर ओता. फ्लास्कही ६० वरच हवा. तासभर फिरवा, अधूनमधून व्हॉर्टेक्सवर घुसळा. इथे हमखास चूक अशी की, द्राव गरम असतो पण फ्लास्क नाही. लिपिड काचेवरून सुटत नाही, पांढरे पापुद्रे तरंगतात.

४. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवणे आणि ६० अंशांना वितळवणे, असे पाच वेळा केले तर आत अडकणारे पाणी वाढते. पण गोठताना बर्फ कणांना एकमेकांवर ढकलतो आणि गोळे होऊ शकतात. म्हणून आधी नुसत्या कणांचा एक थेंब गोठवून-वितळवून पाहा. गुठळ्या दिसल्या तर ही पायरी सोडा. आत थोडे कमी भरेल, एवढेच.

५. १००० जी वेगाने पाच मिनिटे फिरवून जड गोळे काढा. मग एक्स्ट्रूडरचा ठोकळा ६० अंशांवर स्थिर झाल्यावर ४०० नॅनोमीटरमधून पाच वेळा आणि २०० मधून अकरा वेळा ढकला. आकडा विषमच ठेवा, म्हणजे शेवटचा माल दुसऱ्या बाजूच्या सिरिंजमध्ये येतो आणि न गाळलेले त्यात मिसळत नाही.

तपासणी. एक्स्ट्रूडर उघडून पडदा पाहा. हलका पिवळा डाग चालेल. गडद तपकिरी थर असेल तर तुमचे लोह तिथेच राहिले. बॅच पुढे नेण्यात अर्थ नाही. आणि सिरिंज जड चालू लागली तर जोर लावू नका. ठोकळा गार झाला असेल किंवा पडदा तुंबला असेल. जोराने पडदा फाटतो आणि नंतर आकारमान मोजताना दोन शिखरे दिसतात.

## ६. बाहेरचे कण आणि रंग काढणे

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते, कारण इथे फसले की पुढचा प्रत्येक आकडा खोटा.

हिशोब करून पाहा. या आकाराच्या लायपोसोममध्ये दर मायक्रोमोल लिपिडामागे साधारण १ ते ३ मायक्रोलीटर पाणी अडकते. ४० मायक्रोमोलचे फार तर १२० मायक्रोलीटर. द्राव होता १००० मायक्रोलीटर. म्हणजे चांगल्यात चांगल्या बॅचमध्येही नऊ दशमांश कण आणि रंग बाहेरच आहेत. ते तसेच ठेवून कॉइलमध्ये घातले तर सगळे पाणी तापेल, लायपोसोम फुटतील, आलेखही देखणा येईल. मात्र तो प्रयोग 'आतल्या कणांनी निरोप दिला' असा राहणार नाही. तो गरम पाण्याचा प्रयोग झाला.

हातातल्या चुंबकाने वेगळे करता येईल, असे वाटते. येत नाही. सुटा १० नॅनोमीटरचा कण साध्या चुंबकाला दाद देत नाही.

सेफाडेक्स जी-५० हे बारीक छिद्रांचे मणी रंग काढतात, पण मोकळे कण आणि लायपोसोम दोन्ही बरोबरच बाहेर पडतात. म्हणून सेफारोज सीएल-४बी.

१. स्तंभातून आधी रिकामे (ना रंग, ना कण) लायपोसोम सोडून घ्या. कोरा स्तंभ लिपिड खातो. पहिल्यांदा वापरताना निम्मा माल गायब झाल्यासारखा वाटतो तो यामुळेच.

२. जुळवलेल्या बफरने धुवा, अर्धा मिलिलीटर नमुना घाला आणि अर्ध्या-अर्ध्या मिलिलीटरचे भाग जमवा.

३. पट्टे डोळ्यांनी दिसतात. आधी तपकिरी आणि गढूळ, हे लायपोसोम. मागून तपकिरी पण आरपार दिसणारे, हे मोकळे कण. सर्वांत शेवटी रंग, जो पसरत जाताना नारिंगीचा हिरवा होतो. पहिल्या पट्ट्याचा मधला भागच घ्या. कडेचे लोभाने घेतले की मोकळे कण आलेच.

४. स्तंभात माल दोन-तीन पट पातळ होतो. १०० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूगल फिल्टरवर पुन्हा दाट करा. तापमान २५ च्या खाली ठेवा.

तपासणी. लोह फेरोझिनने ५६२ नॅनोमीटरला मोजा. फिनॅन्थ्रोलीनची नेहमीची चाचणी ५१० ला असते, तिथे आपला रंग मध्ये येतो. प्रति मिलिलीटर १ मिलिग्रॅम लोहाच्या आसपास यायला हवे. त्याच्या निम्म्याखाली असेल तर कॉइल चालू करण्यात वेळ घालवू नका.

## ७. कॉइल आणि तिचे खोटे बोलणे

लोह १ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटर आणि कणांची तापण्याची क्षमता प्रति ग्रॅम लोह १०० वॅट धरली, तर एका मिलिलीटरला ०.१ वॅट मिळतात. पाणी सुरुवातीला मिनिटाला सुमारे १.४ अंश चढेल, तेही उष्णता बाहेर गेली नाही तर. २५ वरून ४४ पर्यंत नेणे या ताकदीचे काम नाही. म्हणून नमुना आधीच उंबरठ्यावर बसवा: बाहेरच्या पाण्याने ४१ ला. उरलेले तीन अंश चुंबकाने चढवायचे.

क्षेत्र मोजा, गृहीत धरू नका. लांब कॉइलसाठी वेढे गुणिले विद्युतधारा भागिले लांबी: ६ वेढे, १०० अँपिअर, ५ सेंटिमीटर म्हणजे १२ किलोअँपिअर प्रति मीटर. पण एवढ्या आखूड कॉइलमध्ये प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते. एका वेढ्याची, १ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची तारेची कडी करून ऑसिलोस्कोपला जोडा आणि कॉइलच्या मधोमध धरा. २०० किलोहर्ट्झला १२.६ मिलिटेस्ला (म्हणजे १० किलोअँपिअर प्रति मीटर) असेल तर शिखर १.६ व्होल्टच्या जवळ दिसेल. त्यावरून तुमचे प्रमाण काढा.

कॉइलची स्वतःची उष्णता. तांब्याच्या नळीतून पाणी फिरवावे लागते. बहुतेक ठिकाणी नळ थेट जोडतात, आणि नागपुरात मेमध्ये तो नळ गच्चीवरच्या टाकीतून येतो. "पाणी तापून राह्यलं जी," हे काकांनी सांगितल्यावर मी मोजले, तर थंड करायला येणारे पाणीच चाळिशीच्या पुढे होते. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाचे पाणी आणि त्यात कुलरचा साधा बुडता पंप. सीताबर्डीत कुठेही मिळतो. नळी बारीक असेल तर धार कमी येते. बाहेर पडणारे पाणी हाताला कोमट लागले की दुसरा पंप जोडा.

कॉइल आणि नमुन्याच्या मध्ये ४१ अंशांचे पाणी फिरणारी काचेची दुहेरी भिंत ठेवा. पण नमुन्याची कुपी थेट तिला चिकटू देऊ नका. तसे झाले तर कणांनी कमावलेली उष्णता हे पाणी लगेच पळवते आणि तापमान ४१ वरच राहते. कुपीभोवती थर्मोकोलची पातळ बाही घाला.

थर्मोकपल आत घालू नका. धातूची तार त्या क्षेत्रात स्वतः तापते आणि खोटा आकडा देते. पाऱ्याचा थर्मामीटरही नको, पारा धातूच आहे. फायबर ऑप्टिक सर्वोत्तम. तो नसेल तर काचेतला अल्कोहोलचा.

सावधान. अंगठी, घड्याळ, बांगड्या, कडे काढून ठेवा. पेसमेकर असलेल्या माणसाला त्या खोलीत येऊ देऊ नका.

तपासणी. कुपीत नुसता बफर घालून १५ मिनिटे पूर्ण क्षेत्र द्या. अर्ध्या अंशापेक्षा जास्त चढला तर ती कॉइलची गळती आहे. ती बंद झाल्याशिवाय लायपोसोमला हात लावू नका.

## ८. चार नळ्या

एकच नळी चालवून निष्कर्ष काढणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे. दर वेळी या चार लागतात, त्याच दिवशी, आणि कण नसलेली तिसरी सोडून बाकीच्या त्याच बॅचच्या:

- पहिली: कण आणि रंग असलेले लायपोसोम, ४१ अंश, क्षेत्र चालू.
- दुसरी: तेच लायपोसोम, ४१ अंश, क्षेत्र बंद.
- तिसरी: रंग आहे, कण नाहीत, क्षेत्र चालू.
- चौथी: कण आणि रंग असलेले, क्षेत्र नाही, पाण्यात ४६ अंशांना तापवलेले.

चौथी सुटली नाही तर तुमचा पडदाच चुकला. बहुधा कोलेस्टेरॉल किंवा जास्त डीएसपीसी. तिसरी सुटली तर कॉइल तापते आहे. दुसरी सुटली तर उंबरठा फार वर ठेवला, ४० वर या. दुसरीत अर्ध्या तासात ३ टक्क्यांपेक्षा जास्त रंग सुटला तर मी त्या दिवसाचे काम थांबवते.

## ९. निरोप पाठवणे आणि वाचणे

१. ४१ वर पाच मिनिटे स्थिर. मग क्षेत्र तीन मिनिटे चालू, पाच मिनिटे बंद. असे तीनदा.

२. दर मिनिटाला २० मायक्रोलीटर काढून २ मिलिलीटर बर्फगार, जुळवलेल्या बफरमध्ये टाका. पडदा तिथल्या तिथे घट्ट होतो आणि गळती थांबते. शंभरपट पातळ झाल्याने लोहाचा तपकिरी रंग प्रकाश शोषण्याची अडचणही बरीच कमी होते.

३. सगळ्या कुपी २५ अंशांना आणून मगच वाचा. ४९२ वर उत्तेजन, ५१७ वर वाचन. गरम नमुना आणि गार नमुना एकाच आलेखात टाकू नका. या रंगाची चमक तापमानाने आणि पीएचने बदलते.

४. शेवटी पडदा विरघळवणारे, साबणासारखे ट्रायटन एक्स-१०० घालून (०.१ टक्के) कुपी ६० अंशांना पाच मिनिटे ठेवा, २५ ला आणा, वाचा. हे शंभर टक्के. गार असताना ट्रायटन घातले तर घट्ट पडदा पूर्ण विरघळत नाही, शंभराचा आकडा लहान येतो आणि तुमची सुटका फुगलेली दिसते.

५. सुटका म्हणजे (आताचे वाचन वजा सुरुवातीचे) भागिले (ट्रायटननंतरचे वजा सुरुवातीचे) गुणिले १००.

आलेखाचा आकार पाहा, शेवटचा आकडा नंतर. निरोप असेल तर जिना दिसतो: क्षेत्र चालू असताना चढ, बंद असताना सपाट. क्षेत्र बंद झाल्यावर एखादे मिनिट चढ राहिला तर चालेल, पाणी निवायला वेळ लागतो. पण पाचही मिनिटे चढतच असेल तर ती नुसती गळती. जिन्याची दुसरी, तिसरी पायरी पहिलीपेक्षा बुटकी येते, त्याने घाबरू नका. लायपोसोम रिकामा होत जातो आणि पुन्हा भरत नाही. दर पायरीला 'त्या वेळी आत उरलेल्यापैकी किती टक्के' असा हिशोब केला की पायऱ्या बऱ्याचशा सारख्या दिसतात.

## १०. रंगाच्या जागी खरा निरोप

जिना तीन वेगवेगळ्या बॅचमध्ये दिसल्यावरच रंगाऐवजी दुसऱ्या लायपोसोमला किंवा विकराला समजेल असा रेणू भरा. कॅल्शियम भरायचा मोह सगळ्यांना होतो. सिट्रेटच्या कवचाला कॅल्शियम लागले की कण एकमेकांना चिकटतात, म्हणून तिथे डेक्स्ट्रानचेच कण घ्या आणि तिसऱ्या पायरीतली रात्रभराची चाचणी कॅल्शियमसह पुन्हा करा. ऑस्मोलॅलिटीही नव्याने जुळवा. रंगाचा जुना आकडा इथे उपयोगाचा नाही.

तयार माल ४ अंशांना, अंधारात ठेवा. डीप फ्रीजरमध्ये नाही. गोठला की फुटतो. मी चार दिवसांपेक्षा जुनी बॅच वापरत नाही, आणि दर सकाळी दोन थेंब पातळ करून सुरुवातीचे वाचन घेते. उन्हाळ्यात रात्री लाइट जाऊन फ्रीज तापलेला असतो आणि सकाळपर्यंत पुन्हा गार झालेला असतो, त्यामुळे हात लावून काही कळत नाही. आदल्या दिवशीपेक्षा वाचन वर गेले असेल तर बॅच टाकून द्या.